टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर: ४३ रोल झालेत, आता काय करू?

ताणाबाणा | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी आणि माझा मित्र सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या वरच्या खोलीत बसून सॉफ्टवेअर करतो. सहा वर्षांपूर्वी खालच्याच शेठसाठी सुरुवात केली. सूत आलं, बीम भरलं, मागावर चढलं, डाईंगला गेलं, शिलाई, पॅकिंग, गाडी लागली, आठवड्याची मजुरी वाटली, हे सगळं एका ठिकाणी. एकाचं बघून दुसऱ्याने घेतलं. आज अकरा कारखाने आहेत.

कोणाला काय दिसावं, काय करता यावं हे आम्ही रोलवर, म्हणजे कामाच्या नावावर, ठरवतो. सुरुवातीला पाच रोल होते: मालक, दिवाणजी, जॉबर (मागांवरचा मुकादम), गोडाऊन, अ‍ॅडमिन. परवा मोजले तर ४३. ‘जॉबर शेड ३ फक्त बघणे’, ‘गोडाऊन रात्र’, ‘दिवाणजी २ दर नको’, ‘दिवाणजी दर नको नवीन’. एक रोल तर अक्षरशः ‘शेठचे मेव्हणे’ नावाचा आहे. दोन्ही ‘दर नको’मध्ये फरक काय हे मला आठवत नाही, आणि कोड वाचूनही कळलं नाही.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या महिन्यात भानगड झाली. बाहेरचे मागवाले जॉबवर विणून देतात, त्यांना मोबाइलवर स्वतःची चलानं बघायची सोय दिली होती. एकाच्या कॉलेजातल्या मुलीने पत्त्याच्या शेवटी असलेला आकडा एकने वाढवून बघितला. समोर दुसऱ्याच मागवाल्याचं चलान, मजुरीच्या दरासकट. सकाळी साडेआठला वडील गेटवर हजर. "काय ओ शेठ, माल तोच, सूत तेच, त्याला दर वेगळा आन् मला वेगळा?" शेठने मला खाली बोलावलं. पुढचं लिहीत नाही.

तर प्रश्न असा. रोलवरच राहू, की माणसाच्या आणि वस्तूच्या गुणधर्मांवर परवानगी ठरवणारं एबॅक घेऊ, की गूगलच्या झांझिबार या परवानग्यांच्या सिस्टिमसारखं काही? मित्र व्हिडिओ बघून झांझिबारच्या धर्तीवरच्या ओपनएफजीएच्या प्रेमात पडलाय. आमच्याकडे एक सर्व्हर, जँगोत लिहिलेलं अ‍ॅप, पोस्टग्रेस डेटाबेस आणि दोन माणसं. त्यातला एक महिन्यातून आठ दिवस प्रिंटर दुरुस्त करत असतो.

सातरस्ता | सोमवार, रात्री ११.५८

४३ च? आमच्या कंपनीत माणसं १२०, रोल १६०. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एकतारी | मंगळवार, सकाळी ७.१०

चलानाच्या नंबराऐवजी लांबलचक यूयूआयडी, म्हणजे आकडे-अक्षरांची यादृच्छिक ओळख, टाका. अंदाज करता येणार नाही, विषय संपला.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ९.३०

एकतारी, विषय संपत नाही. यूयूआयडीचा अंदाज करता येणार नाही हे खरं, पण लिंक फिरते. मागवाला ती व्हॉट्सअ‍ॅपवर भावाला पाठवणार, भाऊ ग्रुपवर टाकणार. कुलूप न लावता दार आडबाजूला ठेवल्यासारखं आहे ते. टाका जरूर, पण त्याच्यावर विसंबू नका.

ताणाबाणा, तुम्ही दोन दुखणी एकत्र आणलीत. आधी ती वेगळी करा.

चलानाचं दुखणं मॉडेलचं नाही. तुमच्या कोडने विचारलं, "हा लॉगिन केलेला मागवाला आहे का?" हो. "मागवाल्याला चलान बघता येतं का?" हो. पण "हे चलान याचं आहे का?" हा तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. जगात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ओवास्प ही संस्था सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या चुकांच्या याद्या काढते. तिच्या एपीआयच्या (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या दारांच्या) यादीत २०१९ ला पहिला नंबर याचाच होता, २०२३ लाही याचाच. त्यांच्या सर्वसाधारण यादीत ‘मोडकं प्रवेश नियंत्रण’ २०१७ ला पाचवं होतं, २०२१ ला पहिलं आलं. कुठलंही मॉडेल घ्या, हा प्रश्न विचारायचा विसरलात तर मुलगी परत आकडा वाढवेल. हे आजच बुजवा. मॉडेलची चर्चा आठवडाभर चालू दे.

एक बारीक गोष्ट. दुसऱ्याचं चलान मागितलं तर "परवानगी नाही" म्हणू नका, "सापडलं नाही" म्हणा. नाहीतर कुठल्या नंबरांची चलानं अस्तित्वात आहेत हे त्याला मोजता येतं, आणि त्यावरून शेठचा महिन्याचा धंदाही.

आता ४३ रोल. बटलर लॅम्पसन या संगणकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक तक्ता मांडला होता. आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत वस्तू, प्रत्येक चौकटीत त्या माणसाला त्या वस्तूचं काय करता येतं ते. तुमच्या कारखान्याचा असा तक्ता मनात आणा: दीडशे माणसं, लाखभर चलानं. तो हाताने कोण भरणार? त्यानंतर निघालेली सगळी मॉडेलं म्हणजे हा तक्ता न भरता भरल्यासारखा करायच्या युक्त्या. १९९२ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या फेरायोलो आणि कुन यांनी मांडलेली रोलची युक्ती का चालली? कारण माणसं बदलतात, काम बदलत नाही. दिवाणजी निवृत्त होतो, दिवाणजीची गादी राहते.

मेव्हणे ही गादी नाही.

सातरस्ता | मंगळवार, सकाळी ९.४१

शेवटच्या वाक्याला दंडवत.

पुण्यातला_सोलापूरकर | मंगळवार, दुपारी १.१५

मी हिंजवडीत याच कामात आहे, म्हणून लिहितो. ताणाबाणाच्या रोलची नावंच बघा: शेड, रात्रपाळी, दर दिसणं. हे सगळे गुणधर्म आहेत, जबरदस्तीने रोलमध्ये कोंबलेले. चार कामं, पाच शेड, दोन पाळ्या म्हटलं की गुणाकारानेच चाळीस झाले. एबॅकमध्ये एकच ओळ येते: माणसाचा शेड आणि बीमचा शेड एक असेल, आणि पाळी चालू असेल, तर नोंद करता येईल. निस्टचं ८००-१६२ हे २०१४ चं मार्गदर्शक वाचा. नियम कोडबाहेर ठेवायला ओपन पॉलिसी एजंट हे सॉफ्टवेअर आहे, त्याच्या रेगो भाषेत नियम लिहायचे. शेड वाढला तरी नियम तोच राहतो.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी २.०५

गुणाकाराचं निदान बरोबर. औषध जरा जड वाटतं.

शेठ विचारणार काय? "माझा दर कोणाकोणाला दिसतो?" रोल असतील तर एक क्वेरी मारायची, नावं छापून द्यायची. नियम गुणधर्मांवर असतील तर प्रत्येक माणसासाठी तो नियम चालवून बघावा लागतो, आणि उत्तर वेळेवरही बदलतं. रात्री दोनला वेगळं, दुपारी दोनला वेगळं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बावीस वर्षं काढली. ऑडिटर आला की पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याला रेगो वाचता येत नाही.

शिवाय गुणधर्म खरे कोण ठेवणार? कामगाराला शेड २ मधून शेड ४ मध्ये पाठवलं, हे जॉबर तोंडी सांगतो. सिस्टिममध्ये ती नोंद पगाराच्या आदल्या दिवशी होते. तोपर्यंत तुमचा नेमका नियम शिळ्या माहितीवर चालतो.

पुण्यातला_सोलापूरकर | मंगळवार, दुपारी २.३०

शिळ्या माहितीचं मान्य. आमच्याकडेही एचआरचा डेटा आठवडाभर मागे असतो, आणि शिव्या आम्ही खातो.

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री १०.२०

झांझिबारची बाजू कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. मित्राच्या प्रेमात तथ्य आहे.

चलानाचा किस्सा ना कामाचा आहे ना गुणधर्माचा. तो नात्याचा आहे. हे चलान त्या मागवाल्याचं. तो मागवाला या कारखान्याचा. दिवाणजी या कारखान्याचा, म्हणून त्याला कारखान्याची सगळी चलानं दिसतात. झांझिबारमध्ये एवढंच असतं: अमुक वस्तू, तमुक नातं, अमुक माणूस, अशा तुकड्यांचा ढीग. परवानगी विचारली की नात्यांच्या साखळीवरून चालत जायचं. ड्राइव्हमध्ये फोल्डर शेअर केलं की आतली फाइल आपोआप दिसते, ती याच साखळीने. २०१९ च्या त्यांच्या निबंधात असे दोन लाख कोटींहून जास्त तुकडे आणि सेकंदाला एक कोटीच्या वर प्रश्न असे आकडे आहेत.

त्यातला एक भाग मला फार आवडतो, त्याला त्यांनी ‘नवा शत्रू’ असं नाव दिलंय. समजा, भांडण झालं म्हणून डिझायनरला दुपारी काढून टाकलं, आणि पाच मिनिटांनी जकार्डचं नवं डिझाइन चढवलं. डेटा जगभर पसरलेला असेल आणि एखाद्या सर्व्हरला काढून टाकल्याची बातमी उशिरा पोचली, तर काढलेल्या माणसाला नवं डिझाइन दिसतं. ते होऊ नये म्हणून प्रत्येक बदलाला एक चिठ्ठी जोडतात: निदान या क्षणापर्यंतची माहिती घेऊनच उत्तर द्या.

आता मित्राला निराश करतो. तुमच्याकडे एकच पोस्टग्रेस आहे. तिथे ‘नवा शत्रू’ जन्मालाच येत नाही, एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकदम होतात, नाहीतर एकही नाही) काम भागतं. आणि नातं तर टेबलात आधीपासून आहे! चलानाच्या टेबलात मागवाल्याचा आयडी असेलच ना? तोच तुमचा तुकडा. ओपनएफजीए वेगळं आणलं तर चलान एका ठिकाणी लिहायचं आणि नातं दुसऱ्या ठिकाणी. पहिलं लिहिलं आणि दुसऱ्याच्या वेळी लाइट गेली, मग? एमआयडीसीतली लाइट तुम्हाला माहीत आहे.

ताणाबाणा | बुधवार, रात्री १२.१५

मित्राला वाचून दाखवलं. तो रुसलाय, पण लाइटवर हसला.

चलानाचं भोक कालच बुजवलं. आता मनात असलेलं दुसरं सांगतो. एका कारखान्यात सुताच्या खरेदीचं बिल जो भरतो तोच पास करतो, कारण ऑफिसात माणसंच दोन. वर्षभराने मालकाला कळलं की पोती बिलावर जास्त आणि गोडाऊनमध्ये कमी. आता ते म्हणतात, सॉफ्टवेअरने हे अडवायला पाहिजे होतं. रोलने अडतं का हे?

जुनाजाणता | बुधवार, सकाळी १०.००

रोलने अर्धवट अडतं. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने सरळपणे मागितली तरी दुसरा देत नाही. व्यवहारातही एक भरणार, दुसरा पास करणार. क्लार्क आणि विल्सन या जोडीने १९८७ मध्ये हेच मांडलं. लष्कराला गुपित फुटायची भीती, धंद्याला खोट्या नोंदीची.

रोलच्या २००४ च्या अमेरिकन मानकात याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एका माणसाला दोन्ही रोल द्यायचेच नाहीत. दुसऱ्यात दोन्ही असू शकतात, पण एका सेशनमध्ये, म्हणजे एका लॉगिनमध्ये, एकच चालू. तुमच्या ऑफिसात माणसं दोन. पहिला प्रकार लावला तर एक जण लग्नाला गेला की धंदा बंद. दुसरा लावला तर तो लॉगआउट करून परत येतो आणि स्वतःचंच बिल पास करतो.

म्हणून तिसरं: दोघांनाही भरता येतं, दोघांनाही पास करता येतं, पण ज्याने हे बिल भरलं त्याला हे बिल पास करता येत नाही. हा नियम रोलमध्ये मावत नाही, बिलाच्या इतिहासात राहतो. पास करायच्या फंक्शनमध्ये एक तुलना. आणि रकमेची मर्यादा ओलांडली तर शेठच्या मोबाइलवर.

हजेरीपुस्तक | बुधवार, रात्री ८.५०

मी सॉफ्टवेअरवाली नाही. एका कारखान्यात पाळीच्या हजेरीला आणि उत्पादनाच्या नोंदीला बसते. भावाने धागा पाठवला म्हणून वाचला. राग मानू नका, पण तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय.

आमच्याकडे शेडमध्ये एकच टॅब आहे. रात्रपाळीच्या जॉबरचं लॉगिन दहाच्या आत चालत नाही. दिवसाचा जॉबर साडेनऊला निघून जातो. बीम संपायचं ते पावणेदहाला संपतं, ते काय तुमच्या पाळीसाठी थांबतं? मग रात्रीचा माणूस दिवसाच्या माणसाच्या नावाने नोंद करतो. पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलाय, एकादशीच्या खाली. सगळ्यांना माहीत आहे. महिन्याच्या शेवटी दिवसाच्या जॉबरच्या नावावर रात्रीचं डॅमेज निघालं आणि भांडण माझ्या टेबलावर आलं.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ९.०५

ताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा.

जुनाजाणता | बुधवार, रात्री ९.४०

+१. ताणाबाणा, नियम फार आवळला की माणसं लॉगिन वाटून घेतात, आणि मग नोंदीत कोणाचंही नाव असलं तरी अर्थ राहत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांत कंपनी म्हणून नोंदलेले कोणी असतील तर हे नुसतं गैरसोयीचं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद ठेवणं बंधनकारक आहे. नोंद राहील, पण त्यात एकादशीखालचा पासवर्ड बोलत असेल.

पाळीला एक तास अलीकडे, एक तास पलीकडे सैल सोडा. टॅब सगळ्यांचा एकच राहू दे, पण नोंद सेव्ह करताना प्रत्येकाचा स्वतःचा चार आकडी पिन घ्या. आणि आता ४३ रोल कागदावर घ्या. प्रत्येकापुढे विचारा: हे काम आहे, की जागा, की कोणाचं तरी नातं, की रकमेची मर्यादा, की कोणाचा तरी रुसवा?

एकतारी | गुरुवार, सकाळी ७.०५

पोस्टग्रेसमध्येच ओळीच्या पातळीवर नियम लावता येतात, ९.५ पासून. कोडमध्ये विसरलं तरी डेटाबेस अडवतो. यावेळी तरी बरोबर बोलतोय ना?

कडक_भाकरी | गुरुवार, सकाळी ११.३०

यावेळी शंभर टक्के. पण ताणाबाणा, एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. टेबलाच्या मालकाला ते नियम लागू होत नाहीत. जँगो बहुतेक वेळा त्याच युजरने जोडलेला असतो ज्याने मायग्रेशन (टेबलं बनवणारी जँगोची आज्ञा) चालवून टेबलं बनवली, म्हणजे मालकच. नियम लिहिले, चालू केले, सगळं हिरवं, आणि सगळ्यांना सगळं दिसतंय. दोन दिवस मी नियमातच चूक शोधत होतो. टेबलावर सक्ती लावा, म्हणजे नियम मालकालाही लागू होतील, किंवा अ‍ॅपसाठी वेगळा, बिनमालकीचा युजर काढा. सुपरयुजरला तर सक्तीही अडवत नाही.

दुसरं, "आत्ता कोण बोलतोय" हे डेटाबेसला सांगताना ते ट्रान्झॅक्शनपुरतंच सेट करा. सेशनभर ठेवलं आणि तेच कनेक्शन पूलमधून (उघड्या कनेक्शनच्या सामायिक साठ्यातून) दुसऱ्याला गेलं, की पहिल्याचं नाव दुसऱ्याच्या अंगावर.

सातरस्ता | गुरुवार, दुपारी १२.१०

अवांतर: मगाशी कोणीतरी जकार्ड डिझायनर म्हणालं. आपल्याकडे एकच डिझायनर चार कारखान्यांना डिझाइन काढून देतो. त्याला कोणाचं काय दिसावं?

पुण्यातला_सोलापूरकर | गुरुवार, दुपारी १.००

याला ‘चायनीज वॉल’ म्हणतात, ब्रुअर आणि नॅश, १९८९. तुम्ही एका सल्लागाराला एका बँकेची फाइल दाखवली की दुसऱ्या बँकेच्या फायली त्याच्यासाठी आपोआप बंद. आधी काय बघितलं त्यावर पुढचं ठरतं. पण सोलापुरात हे लावलं तर डिझायनर उपाशी मरेल. इथे भिंत सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्याच्या जिभेवर.

ताणाबाणा | दुसरा रविवार, रात्री ९.३०

परत आलो. उशीर झाला, मध्ये एका कारखान्याचं सर्व्हर हलवलं.

जुनाजाणता काकांनी सांगितलं तसं ४३ रोल कागदावर काढले. आमच्याकडे वार्पिंगच्या जुन्या पावत्यांची पाठकोरी गठ्ठ्याने असतात, त्यावर. खालच्या दिवाणजींना घेऊन बसलो, कारण अर्ध्या रोलचा जन्म त्यांनाच आठवत होता. चौदा रोल फक्त शेड किंवा पाळीने वेगळे. नऊ रोलमधली माणसं नोकरी सोडून गेलेली, त्यातला एक आता समोरच्या कारखान्यात आहे, आणि त्याचं लॉगिन चालू होतं. (हे शेठला अजून सांगितलं नाही.) आठ ‘दर दिसू नये’चे निरनिराळे अवतार. पाच म्हणजे निव्वळ माणसं. उरले सात, ती खरी कामं.

‘दिवाणजी २ दर नको’ आणि ‘दिवाणजी दर नको नवीन’ यांतला फरक दिवाणजींना माहीत होता. पहिल्याला विक्रीचा दर दिसत नाही, दुसऱ्याला मजुरीचा. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसतात.

तर ठरलं असं. रोल सात. शेड आणि पाळी माणसाच्या नेमणुकीवर, पाळी दोन्हीकडे एक तास सैल. मागवाला आणि चलान यांचं नातं टेबलातच, वरून पोस्टग्रेसचे नियम सक्तीने, अ‍ॅपचा युजर वेगळा. कडक_भाकरींचा खड्डा आमच्याकडेही तंतोतंत होता. कोडमध्ये सगळीकडे विखुरलेले ‘जर रोल अमुक असेल तर’ काढून एकच फंक्शन केलं: कोण, काय करतोय, कशावर. उत्तर ठरलं नाही तर ‘नाही’. ३१ जागी तुटेल असं वाटलं होतं, तुटलं चार जागी, त्यातल्या दोन जागी आधीच चुकीचं दिसत होतं. बिल भरणारा आणि पास करणारा एक नसावा, ही तुलनाही बसवली. पहिल्याच दिवशी तिथल्या दिवाणजीचा फोन आला, "सिस्टिम माझ्यावर विश्वास ठेवत नाही का?" मी म्हटलं, "मालकाला विचारा."

टेस्ट उलट्या लिहिल्या. आधी आम्ही फक्त "याला दिसतंय का" तपासत होतो, आता सात रोलपैकी प्रत्येकाला काय दिसत नाही ते तपासतो.

सातरस्ता | दुसरा रविवार, रात्री ९.४४

आणि मेव्हणे?

ताणाबाणा | दुसरा रविवार, रात्री ९.५२

मेव्हण्यांना ‘फक्त बघणे’ हा रोल दिलाय, मुदतीसकट. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की आपोआप बंद. शेठनीच तारीख सांगितली, हसत.

हजेरीपुस्तक | दुसरा रविवार, रात्री १०.२०

भाऊ, आमच्या कारखान्यातही तुमचंच सॉफ्टवेअर आहे हे मला आत्ता कळलं. पिनचं कधी येणार?

ताणाबाणा | दुसरा रविवार, रात्री १०.२६

ताई, माफ करा. उद्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत टाकतो.

हजेरीपुस्तक | दुसरा रविवार, रात्री १०.३१

बरं. पिनची बटणं मोठी ठेवा. शेडमध्ये बोटांना कापूस चिकटलेला असतो, बारीक बटण लागत नाही. आणि कॅलेंडरवरचं मी उद्या खोडते.